‘डाय-डोप्ड’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे : ‘डाय-डोप्ड पॉलिमर थिन फिल्म’च्या, म्हणजे विरघळणारा रंग (डाय) घातलेल्या प्लास्टिकच्या पातळ थराच्या, प्रकाशीय गुणधर्मांवर मराठीत लेख लिहायचा आहे, त्यात ‘रंगद्रव्यमिश्रित बहुवारिक पटल’ चालेल का?

‘रंगद्रव्य’ आधी काढा. रंगद्रव्य म्हणजे पिगमेंट. त्याचे कण न विरघळता माध्यमात तरंगत राहतात आणि प्रकाश विखुरतात. डाय विरघळतो, त्याचा रेणू न् रेणू सुटा होतो. त्याला ‘रंजक’ म्हणावं. ऱ्होडामिन ६जी हा रंजक पीएमएमएमध्ये, म्हणजे ॲक्रिलिकमध्ये, असा विरघळतो म्हणूनच फिल्म रंगीत असूनही आरपार दिसते.

खरी अडचण ‘डोप्ड’ची. हा शब्द इंग्रजीत आला डचमधून, आणि तिथे त्याचा अर्थ बुडवून खायचं दाटसर कालवण! पुढे तो अर्धवाहकांत पोचला, तेव्हा ‘मुद्दाम घातलेली चिमूटभर अशुद्धी’ असा अर्थ पक्का झाला. ‘मिश्रित’मध्ये ती चिमूट दिसत नाही, ‘भेसळ’मध्ये फसवणूक येते. ‘पुट’ सुचवणारे भेटतात, पण पुट वरून चढतं, इथे रंजक आत असतो.

मला ‘भिनवलेला’ हवा. विष अंगात भिनतं, अत्तर कापडात भिनतं : थोडकंच, पण सगळीकडे. फिल्ममधला रंजकही बऱ्याचदा वजनाने टक्काभर किंवा त्याहून कमी असतो. प्रमाण फार वाढवलं तर रेणू एकमेकांना चिकटतात, कोणत्या रंगाचा प्रकाश किती शोषला हे दाखवणाऱ्या आलेखाचा आकार बदलतो, प्रतिदीप्ती (शोषलेल्या प्रकाशातून रंजक परत देतो तो उजेड) मंदावते. म्हणजे रंजक नीट भिनला की नाही, हे आलेखच सांगतो. शब्द आणि मोजमाप इतके जुळलेले क्वचितच सापडतात.

जाता जाता ‘शोषण’बद्दल. स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे प्रकाश किती पार होतो हे मोजणारं यंत्र, दाखवतो तो आकडा ‘ॲब्सॉर्बन्स’ : १ म्हणजे दहावा हिस्सा प्रकाश पार, २ म्हणजे शंभरावा. पण उरलेला सगळाच फिल्मने शोषला असं नसतं. पीएमएमएचा अपवर्तनांक (पदार्थात प्रकाश किती मंदावतो तो आकडा) सुमारे १.४९, त्यामुळे हवेला लागून असलेल्या पृष्ठभागावरूनच जवळपास ४ टक्के प्रकाश परततो. फिल्म ज्या काचेवर असते तशीच कोरी काच तुलनेसाठी ठेवली नाही, तर तोही या आकड्यात शिरतो. म्हणून क्रियेला ‘शोषण’ म्हणा, आकड्याला ‘ॲब्सॉर्बन्स’च राहू द्या.

शीर्षक मी असं करीन : ‘रंजक भिनवलेल्या बहुवारिक फिल्मचे प्रकाशीय गुणधर्म’. ‘फिल्म’ऐवजी ‘पटल’ही चालेल.