रोपण केलेले केस गळून गेले. ते परत येतील का?

प्रश्न : माझे वय 34 असून मी सातपूर येथील एका कारखान्यात नोकरी करतो. अडीच महिन्यांपूर्वी मी केशरोपण करून घेतले. सुरुवातीचे काही आठवडे सर्व ठीक होते; त्यानंतर लावलेले केस भराभर गळाले. माझे आधीचे काही केसही गेल्यामुळे कपाळ पूर्वीपेक्षा जास्तच मोकळे दिसते. गळालेल्या केसांच्या टोकाला पांढरा ठिपका होता, म्हणजे ते मुळासकट निघाले का? आई रोज माक्याचे तेल चोळण्याचा आग्रह धरते. शिवाय पुढील वर्षी त्र्यंबकेश्वरला एका विधीसाठी मुंडण करावे लागणार आहे. ते चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण पाहिलेला पांढरा ठिपका हे केसाचे मूळ नव्हे. विश्रांतीच्या अवस्थेत जाऊन सुटलेल्या प्रत्येक केसाच्या टोकाला अशी लहानशी गाठ असते. घरातील कोणाच्याही कंगव्यात ती सापडेल. केस घडवणारे मूळ त्वचेखाली सुमारे 4 मिलिमीटर खोल असते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत रक्तस्राव होऊन ग्राफ्टच (मुळासह लावलेला त्वचेचा सूक्ष्म तुकडा) निघाला, तर ते मूळ गेले असे समजावे. त्यानंतर गळतो तो सहसा केवळ केस.

हे घडते याचे कारण असे, की डोक्याच्या मागील भागातून काढलेल्या मुळाचा रक्तपुरवठा तुटतो, नव्या जागी पहिले काही दिवस ते आजूबाजूच्या द्रवातून मिळणाऱ्या प्राणवायूवर तग धरते, आणि या धक्क्यामुळे वाढ थांबवून सुप्तावस्थेत जाते. ही अवस्था साधारण तीन महिन्यांची असते, म्हणजे आपण सध्या सर्वांत निराशाजनक टप्प्यावर आहात. खर्च वाया गेला की नाही, याचा निकाल आज लावताच येत नाही.

तिसऱ्या महिन्याच्या अखेरीपासून पाचव्या महिन्यापर्यंत बारीक, फिकट, क्वचित कुरळे केस दिसू लागतात. सर्व मुळे एकाच वेळी जागी होत नाहीत, त्यामुळे एक बाजू मागे राहिली तरी घाबरू नये. केस महिन्याला सुमारे 1 सेंटिमीटर वाढतो. म्हणून सहाव्या महिन्यातही परिणाम अर्धवटच वाटतो. खरे चित्र 12 महिन्यांनी दिसते, टाळूच्या मागील भोवऱ्यापाशी तर 15 ते 18 महिनेही लागतात. रोज आरशात पाहण्यापेक्षा महिन्यातून एकदा, त्याच जागी आणि त्याच उजेडात छायाचित्र काढावे. या काळात केस वर येताना लहान पुटकुळ्या होऊ शकतात; त्या फोडू नयेत. पू, वाढती वेदना किंवा ताप असेल, अथवा सहा महिन्यांनंतरही काहीच उगवले नाही, तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना दाखवावे.

आपल्या आधीच्या केसांची गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची. शस्त्रक्रियेच्या धक्क्याने गळालेले सशक्त केस काही महिन्यांत परततात. मात्र आनुवंशिक टक्कलामुळे आधीच क्षीण झालेले केस परत येतीलच असे नाही. मागील भागातून आणलेले केस आनुवंशिक टक्कलाला सहसा बळी न पडण्याचा आपला मूळ गुणधर्म नव्या जागीही टिकवतात, हे अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइक यांनी 1959 मध्ये मांडले आणि केशरोपण त्यावरच उभे आहे. परंतु त्यांच्या शेजारच्या जुन्या केसांना हे संरक्षण नसते. त्यांच्यासाठी मिनॉक्सिडिल किंवा फिनास्टेराइड ही केसगळतीवरील औषधे घ्यावीत का, हे त्वचारोगतज्ज्ञांना विचारावे. रोपण करून औषधांबद्दल चकार शब्द न काढणे म्हणजे अर्धेच काम करणे होय. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत थोडे केस गळतात, हेही ठाऊक असलेले बरे.

माक्याचे तेल सुप्त मुळांना जागे करते, असे सिद्ध झालेले नाही. टाळू पूर्ण बरी झाल्यावर आईच्या समाधानासाठी हलक्या हाताने थोडे लावण्यास सहसा हरकत नसते; पुटकुळ्या असताना मात्र टाळावे आणि जोराने चोळू नये.

मुंडणाबाबत निश्चिंत राहावे. वस्तरा त्वचेच्या वरचा केस कापतो, मुळापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे वर्ष उलटल्यावर मुंडण केल्यास रोपण वाया जात नाही, तसेच त्यामुळे केस दाटही येत नाहीत. डोक्याच्या मागील बाजूचे व्रण मात्र तेवढे दिवस उघडे दिसतील. त्वचेची पट्टी कापून घेऊन केलेल्या पद्धतीत ती एक रेघ असते, तर एकेक मूळ काढलेल्या पद्धतीत बारीक ठिपके असतात. विधीच्या आधी आपल्या शल्यचिकित्सकांना तारीख कळवावी, आणि वस्तरा नवीन पात्याचा असेल, हे पाहावे.