जपानी ग्रीन टीसाठी पहिली किटली कोणती घ्यावी? ती सांभाळायची कशी?

सेन्चासाठी (जपानमधला रोजचा ग्रीन टी) २००-२५० मिलीची, बाजूला दांडी असलेली क्यूसू, म्हणजे जपानी चहाची किटली, पुरे. जपानमधल्या तोकोनामे गावची लाल मातीची नावाजलेली आहे, पण तिला आतून झिलई नसते, त्यामुळे ती वास धरते. गवती चहा, मसाला चहा तिच्यात चुकूनही नको! वेगवेगळे चहा करून बघायचे असतील तर पोर्सेलिनची घ्या. जाळी मात्र नीट बघा: फुकामुशी (जास्त वेळ वाफवलेल्या) सेन्चाचा बारीक चुरा मोठ्या भोकांतून कपात उतरतो. डावखुरे असाल तर दांडीची बाजू विचारून घ्या, बहुतेक किटल्या उजव्या हातासाठीच असतात.

बिनझिलईच्या किटलीला साबण लावू नका. पत्ती लगेच काढा, गरम पाण्याने विसळा, झाकण काढून वाळवा. आतून इनॅमल दिलेली बिडाची किटली दिसते झकास, पण ती गॅसवर ठेवायची नाही.