पाणी शिरतं कुठून? बाइकवरच्या रेनकोटाविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाचे दिवस जवळ आले की माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांत एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी येते: ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेला रेनकोट घेतला, तरी भिजलोच. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. चांगल्या रेनकोटाचं कापड सहसा गळत नाही, गळतात ते सांधे. आणि हे सांधे आरशासमोर उभं राहून कळत नाहीत, गाडीवर बसावं लागतं.

प्रश्न : माझ्या रेनसूटवर १०,००० मिमी असं छापलेलं आहे. तरी तासाभरात पँट मांड्यांच्या मध्ये ओली होते. हा आकडा खोटा असतो का?

खोटा असेलच असं नाही. पण तो कापडाचा आकडा आहे, शिवलेल्या पँटचा नाही. चाचणीत कापडाचा तुकडा ताणून घट्ट बसवतात, त्याच्यावर पाण्याचा दाब हळूहळू वाढवतात आणि तीन ठिकाणी थेंब फुटले की थांबतात. १०,००० मिमी म्हणजे दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब त्या कापडाने सोसला.

आता बाइकवरचा हिशेब बघा. ७५ किलोचा माणूस सीटवर बसला आणि त्याचं वजन साधारण ०.१ चौरस मीटर जागेवर पडलं, तर सरासरी दाब ७५० मिमीच होतो. बैठकीच्या हाडांखाली मात्र तो याच्या कितीतरी पट असतो. शिवाय थेंबांचा मार वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की मार चौपट. म्हणून पायी चालणाऱ्याला दोन-तीन हजार मिमीचं कापड पुरतं, तसं आपल्याला पुरत नाही. दहा हजाराच्या आसपासचं घ्या. त्याच्या वरच्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजावेत असं मला वाटत नाही, कारण तुमची पँट गळते ती कापडातून नव्हेच.

पोटावरून आणि टाकीवरून ओघळणारं पाणी सीटच्या पुढच्या खोलगट भागात साचतं. तुम्ही त्या तळ्यात बसलेले असता, आणि नेमक्या तिथेच पँटच्या चार शिवणी एकत्र येतात. सुईने पाडलेलं प्रत्येक भोक ही पाण्याची वाट असते. चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली दोन कापडांमध्ये रबराचा थर घालून जलरोधक कापडाचं पेटंट घेतलं, तेव्हाही कापड टिकलं आणि कोट गळले, कारण शिंप्यांनी त्याला सुईने भोकं पाडली. तोच घोळ आजही चालू आहे.

म्हणून पँट घेताना आधी उलटी करा. प्रत्येक शिवणीवर आतून टेप हवी. चार शिवणी मिळतात तिथे टेपवर टेप चढून जाड गाठ होते, तिथे कडा नखाने हळूच उचलून बघा. सहज सुटत असेल तर ठेवून द्या. त्या जागी वेगळं ठिगळ आतून लावलेलं असेल तर उत्तम. त्याहून उत्तम म्हणजे बैठकीचा सगळा भाग एकाच अखंड कापडाचा असणं आणि शिवण मागे, कमरेखाली सरकवलेली असणं. अशा पँट कमी मिळतात, पण शोधण्यासारख्या आहेत. पीव्हीसीच्या सूटमध्ये काही वेळा शिवण नसतेच, कडा तापवून एकमेकींत वितळवलेल्या असतात. तो सांधा फार भरवशाचा.

प्रश्न : जॅकेटच्या पुढच्या झिपमधून पाणी पोटावर उतरतं. ‘वॉटरप्रूफ झिप’वालं जॅकेट घेतलं की प्रश्न सुटेल?

झिप कोणतीही असो, तिच्यावर पाळ, म्हणजे तिला झाकणारी कापडाची पट्टी हवी, आणि ती किती रुंद आहे हे महत्त्वाचं. ताशी ८० किलोमीटरला समोरून येणाऱ्या हवेचा दाब साधारण ३ सेंटिमीटर उंच पाण्याच्या थराइतका असतो, ताशी १०० ला जवळजवळ ५ सेंटिमीटरच्या. एवढ्या दाबाने चांगल्या कापडातून काही आत जात नाही. पण पाळीखाली शिरलेलं पाणी वारा तितकंच वर चढवू शकतो. म्हणून दोन बोटांची पाळ उपयोगाची नाही. निदान चार बोटं रुंद हवी, आतून दुमडून पन्हाळीसारखी खाच केलेली असावी, आणि वेल्क्रो तुटक न लावता सलग लावलेलं असावं.

पुष्कळदा मात्र पोटावरचं पाणी झिपमधून आलेलंच नसतं, ते गळ्यातून आलेलं असतं. हेल्मेटच्या खालच्या कडेवरून पाणी कॉलरवर ठिबकतं, आत सुती शर्टाची कॉलर जरा बाहेर डोकावत असते, आणि दिव्याची वात तेल ओढते तसा तो शर्ट पाणी खाली ओढत नेतो. सुती कापडाचा एकही कोपरा रेनकोटाबाहेर राहू देऊ नका. उंच, आतून मऊ आणि आवळता येणारी कॉलर बघा. रेनकोटाची टोपी हेल्मेटच्या वर चढवू नका, वाऱ्याने ती फुग्यासारखी फुगते आणि मान मागे ओढते.

प्रश्न : ‘ब्रीदेबल’ रेनकोट खरंच घाम बाहेर सोडतो का? साध्या रेनकोटात मी पावसापेक्षा घामानेच जास्त भिजतो.

सोडतो, पण हवामानाच्या मर्जीने. अशा कापडात बहुधा अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा असतो. बॉब गोर यांनी १९६९ साली टेफ्लॉन झटक्यात ताणून असा पदार्थ मिळवला, आणि १९७६ पासून गोर-टेक्स या नावाने त्याचं कापड बाजारात आहे. पाण्याचा थेंब त्या छिद्रातून जात नाही, वाफ जाते. पण वाफ काही आपणहून बाहेर पडत नाही. आत जास्त आणि बाहेर कमी असेल तरच ती सरकते.

अंगाजवळची ३४ अंशांची घामट हवा धरा, तिच्यातल्या वाफेचा दाब सुमारे ५.३ किलोपास्कल. बाहेर १० अंशांचा थंड पाऊस असेल तर तिथे हा दाब १.२, म्हणजे फरक चारच्या वर. पडदा छान काम करतो. बाहेर २८ अंशांचा दमट पाऊस असेल तर तिथे ३.८, म्हणजे फरक जेमतेम दीड. वाफ ढकलणारा जोरच तिसऱ्या हिश्श्याइतका उरला. त्यात कापडाचा वरचा पृष्ठभाग भिजून चिंब झाला, की वाफेची वाट आणखी अडते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. थंड प्रदेशात किंवा डोंगरात दिवसभर चालवणार असाल तर पडद्यावर खर्च करा, त्याचं चीज होतं. उबदार, दमट पावसात रोजची तासाभराची ये-जा असेल तर पॉलियुरेथेन या लवचिक प्लॅस्टिकचा थर दिलेला हलका नायलॉनचा सूट घ्या. पाठीवर पाळीखाली झाकलेला हवेचा झरोका आणि आतून जाळीचं अस्तर एवढं बघा. जाळीमुळे ओलं कापड अंगाला चिकटत नाही. आत सुती शर्टाऐवजी लवकर वाळणारा पातळ टीशर्ट घाला, निम्मा त्रास तिथेच कमी होतो.

आणि गळतीचा दोष घामावर किंवा घामाचा दोष गळतीवर टाकण्याआधी ओल कुठे आहे ते बघा. पाठ, काखा, कोपराच्या आतली बाजू असा सगळीकडे सारखा दमटपणा असेल तर घाम. गळा, पोट किंवा जांघ इथे कडा असलेला डाग असेल तर पाणी.

प्रश्न : माझ्या आर्मरच्या (मार झेलणारे पॅड बसवलेल्या) रायडिंग जॅकेटमध्ये आत वॉटरप्रूफ अस्तर आहे. मग वरून वेगळा रेनकोट कशाला हवा?

अस्तर तुम्हाला कोरडं ठेवेल, जॅकेटला नाही. वरचं जाड कापड आणि पॅडमधला फोम पाणी पीत राहतात. जॅकेटने लिटरभर पाणी धरलं, तर ते वाऱ्यावर वाळायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते, आणि तिचा बराचसा वाटा तुमच्या अंगातून जातो. कोरड्या शर्टातही माणूस कुडकुडायला लागतो तो यामुळे. कुडकुडणाऱ्याची बोटं ब्रेकवर हळू चालतात, म्हणून मी हे फार गांभीर्याने घेतो. बाहेरच्या खिशातला फोन आणि कागदपत्रंही भिजतात ते वेगळंच.

पडदा थेट बाहेरच्या कापडालाच चिकटवलेली जॅकेटं येतात, ती पाणी पीत नाहीत. ती महाग असतात, पण वर्षभर प्रवास करणाऱ्याने विचार करावा. बाकीच्यांनी जॅकेटवरून घालायचा सैल रेनसूट घ्यावा.

एक कळकळीची विनंती. पाऊस आहे म्हणून आर्मरचं जॅकेट घरी ठेवून नुसत्या रेनकोटात निघू नका. साधा रेनसूट रस्त्यावर घसरताना क्षणात फाटतो. युरोपात बाइकस्वारांच्या कपड्यांना ईएन १७०९२ या मानकाखाली घर्षण आणि शिवणीच्या ताकदीची परीक्षा द्यावी लागते. रेनकोटांचं मानक ईएन ३४३ वेगळं आहे. त्याच्या चिन्हाखालचा पहिला अंक पाण्याला होणारा अटकाव सांगतो, दुसरा वाफ बाहेर जाण्याची क्षमता. घसरण्याबद्दल ते काहीच सांगत नाही.

मापही त्या जॅकेटवरूनच घ्या. दुकानात आर्मर घालून जा, वर रेनसूट चढवा, बाइकवर बसा, हँडल धरा, पाय फूटरेस्टवर ठेवा. उभं असताना बुटावर लोळणारी पँट बसल्यावर नडगीवर येते. बाह्याही तशाच मागे सरकतात. पाठ वाकवल्यावर जॅकेट पँटच्या कमरेवर निदान वीतभर उतरलं पाहिजे. अखंड, एका तुकड्याच्या सूटमध्ये कमरेचा प्रश्नच नसतो, पण रस्त्याच्या कडेला एका पायावर उभं राहून तो चढवणं जड जातं, म्हणून रोजच्यासाठी मी दोन तुकड्यांचाच सुचवतो.

प्रश्न : हातमोजे बाहीच्या आत घालायचे की बाहेर? आणि बुटांचं काय?

पाणी कुठे वाहतं ते बघा. हँडल खाली असेल तर ते खांद्याकडून मनगटाकडे उतरतं, म्हणून मोजा आत आणि बाही वर. हँडल उंच असून मनगट कोपरापेक्षा वर राहत असेल तर उलट करा. पायांना मात्र एकच नियम, पँट नेहमी बुटाच्या बाहेर. आत खोचली की दहा मिनिटांत बुटाची बादली होते.

बुटांवर चढवायची कव्हरं घ्यायची असतील तर खाली खरा, खाचांचा रबरी तळवा असलेलीच घ्या. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या तळव्याने ओल्या रस्त्यावर पाय टेकला की गाडीसकट माणूस आडवा होतो. डाव्या पायाच्या बोटांवर, गिअर उचलतो तिथे, जाड ठिगळ हवं, नाहीतर महिन्याभरात भोक पडतं. पँटच्या सायलेन्सरकडच्या पायाला आतून उष्णता सोसणारा पट्टा आहे का तेही बघा. सिग्नलला पाय टेकताना नायलॉन तापलेल्या नळीला क्षणभर जरी लागलं तरी वितळून चिकटतं. माझी एक चांगली पँट अशीच गेली.

प्रश्न : मुलगा बाइकवर पोंचो (डोक्यातून घालायचा सैल, झग्यासारखा रेनकोट) घालतो. पटकन चढतो, सॅकही झाकली जाते म्हणतो. चालेल का?

नाही. वाऱ्याने पोंचो उडतो, मागचा दिवा झाकतो, आणि त्याचं टोक चेनमध्ये किंवा चाकात गेलं की माणूस खाली ओढला जातो. सॅकसाठी वेगळं कव्हर घेऊन द्या. गुडघ्याखाली येणारा लांब कोटही याच कारणासाठी नको.

प्रश्न : काळा रेनकोट मळत नाही. पिवळा भडक दिसतो. इतका फरक पडतो का?

पडतो. पावसात रस्ता, आभाळ, गाड्यांनी उडवलेले तुषार, सगळं करडं असतं आणि समोरच्या ड्रायव्हरच्या काचेवर वायपर फिरत असतो. फ्लोरोसंट पिवळा किंवा नारिंगी रंग अतिनील किरण शोषून दिसणारा प्रकाश टाकतो, म्हणून ढगाळ दिवसातही तो पेटल्यासारखा दिसतो. रात्री मात्र हेडलाइटमध्ये अतिनील किरण फारसे नसल्याने ही जादू संपते. तिथे रिफ्लेक्टिव्ह पट्ट्या लागतात. त्या पाठीवर असतातच, मनगटाजवळ आणि घोट्याजवळही असलेला सूट निवडा. जॅकेट काळंच आवडत असेल तर वरून फ्लोरोसंट बंडी चढवा.

प्रश्न : दोन वर्षांत रेनकोट आतून चिकट झाला, पापुद्रे सुटले. माझं काय चुकलं?

बहुधा ओलाच घडी करून डिकीत किंवा सीटखाली ठेवलात. ओल आणि ऊब एकत्र मिळाली की पॉलियुरेथेनच्या रेणूंच्या साखळ्या तुटत जातात. ते पुन्हा दुरुस्त होत नाही. घरी आल्यावर दोन्ही बाजूंनी, सावलीत, हँगरवर वाळवा. मोसम संपला की घडी न घालता टांगून ठेवा.

वरच्या बाजूला थेंब मोत्यासारखे न राहता पसरायला लागले, तर वरचा पाणी झटकणारा लेप दमला आहे, सूट नाही. सौम्य साबणाने धुवा, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात घालू नका. लेबलवर परवानगी असेल तर मंद इस्त्रीची ऊब द्या, लेप बराचसा जागा होतो.

प्रश्न : लांबच्या प्रवासाआधी सूट तपासायची घरगुती पद्धत आहे का?

आहे, आणि अर्ध्या तासाची आहे. आत फिक्या रंगाचा कोरडा सुती शर्ट-पायजमा घाला, कारण त्यावर ओल लगेच दिसते. वर पूर्ण सूट, हातमोजे, बूट, हेल्मेट. बाइक स्टँडवर लावून तिच्यावर नेहमीसारखे बसा. सीटवर ओला, घडी घातलेला टॉवेल ठेवा. घरातल्या कुणाला तरी समोरून पाइपने छातीवर, गळ्यावर आणि मांड्यांमध्ये पंधरा मिनिटं पाणी मारायला सांगा. मग सूट उतरवून डाग शोधा. शिवणीवर असेल तर ती जागा खडूने खुणवा, वाळवा आणि शिवणीची भोकं बुजवणारं सीलंट आतून दोनदा लावा. डाग कॉलरवर किंवा मनगटावर असेल तर दोष घालण्याच्या पद्धतीत आहे, पुन्हा नीट आवळून तपासा. कापडाच्या मधोमध, शिवणीपासून दूर डाग आला आणि तिथे टाचणीएवढं भोकही नसेल, तर तो सूट बदला.