थोडक्यात टळलं, तरी लिहायचं

प्रश्न : आमचं ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय मेळघाटात आहे. चूक होता होता टळली, तरी ती लिहा, असं मी स्टाफला सांगते. त्यासाठी ड्युटीरूममध्ये वही ठेवली, पण एकही नोंद आली नाही. कंत्राटी मुली म्हणतात, 'मॅडम, लिहिलं तर नोटीस आम्हालाच येईल.' काय करावं?
– इन्चार्ज सिस्टर, जि. अमरावती

उत्तर : मुलींची भीती खरी आहे. नुसत्या समजावण्यानं ती जाणार नाही. अकरा महिन्यांच्या करारावर काम करणारी नर्स सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच्या वहीत, स्वतःच्या अक्षरात चूक कशी लिहील? आधी ती वही उचला. तिच्या जागी अर्ध्या पानाचे छापील कागद आणि कुलपाची पेटी ठेवा. टळलेल्या चुकीच्या कागदावरून कारणे दाखवा नोटीस निघणार नाही, एवढं अधीक्षकांकडून सहीनिशी लिहून घ्या आणि ते पेटीवरच चिकटवा. तोंडी आश्वासन साहेबांच्या बदलीबरोबर जातं.

कागदावर नाव नको, पेशंटचंही नको. कोणता विभाग, कोणती पाळी, काय होणार होतं, ते कशामुळे लक्षात आलं आणि काय बदललं तर पुन्हा होणार नाही, एवढं पुरे. लहान दवाखान्यात तारखेवरून ड्युटी आणि अक्षरावरून माणूस ओळखू येतो. म्हणून तारखेऐवजी फक्त महिना लिहा आणि पेटीची किल्ली स्टाफच्या विश्वासातल्या एकाच माणसाकडे द्या. त्यानं मजकूर उतरवून घ्यावा आणि मूळ कागद फाडून टाकावा.

'कशामुळे लक्षात आलं' हा रकाना रिकामा सोडू देऊ नका. समजा, धारणीहून अमरावतीला पेशंट रेफर करायचा आहे, ऑक्सिजन मिनिटाला १० लिटरनं चालू आहे. भरलेल्या बी टाइप सिलेंडरमध्ये साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन मावतो, म्हणजे अडीच तासांचा. काटा अर्ध्यावर असेल तर सव्वा तासाचा. रस्ता घाटाचा, तीन तास धरायलाच हवेत. निघता निघता ड्रायव्हरचं काट्याकडे लक्ष गेलं आणि सिलेंडर बदलला. कागदावर नुसतं 'सिलेंडर अर्धा होता' असं आलं, तर त्या पाळीच्या माणसाला बोलणी बसतील आणि विषय संपेल. 'ड्रायव्हरनं सहज पाहिलं म्हणून कळलं' असं आलं, तर दोन गोष्टी उघड होतात. काटा पाहणं कुणाचंच नेमून दिलेलं काम नव्हतं, आणि बदललेला भरला सिलेंडरसुद्धा अमरावतीपर्यंत पुरला नसता! मग रेफर चिठ्ठीवरच हिशेबाची ओळ छापून घेता येते : मिनिटाला लिटर गुणिले प्रवासाची मिनिटं, त्याच्या दीडपट साठा. इथे १० गुणिले १८०, म्हणजे १,८०० लिटर, दीडपट २,७००. दोन भरलेले सिलेंडर चढवल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

'यापुढे काळजी घ्यावी' असा शेरा मारून कागद निकाली काढू नका. रात्री तीनला एकटी नर्स अख्खा वॉर्ड सांभाळत असते. काळजी ती घेतेच आहे. पोटॅशियम क्लोराइड आणि डिस्टिल्ड वॉटरचे ॲम्प्युल एकाच ट्रेमध्ये असतील, तर पोटॅशियम तिथून काढून कुलपात ठेवा. ते पातळ न करता शिरेतून गेलं तर हृदय बंद पडतं. पहिल्या आठवड्यात अशी एक तरी गोष्ट बदला आणि पाळी बदलताना सगळ्यांना सांगा : कागद आला होता, म्हणून हे हलवलं. दुसरा कागद त्यानंतरच येतो.

प्रश्न : कुणालाच नोटीस द्यायची नाही, तर शिस्त कशी राहील? आणि नोंदी वाढल्या तर जिल्ह्याला आमचंच रुग्णालय वाईट दिसेल.
– वैद्यकीय अधीक्षक, जि. यवतमाळ

उत्तर : दारू पिऊन ड्युटी करणं, केसपेपरवर खोटी नोंद करणं, मुद्दाम इजा करणं यांना संरक्षण नाही, त्यांची चौकशी वेगळी. पेशंटला प्रत्यक्ष इजा झाली असेल, तर तेही पेटीत टाकायचं नाही. केसपेपरवर लिहायचं आणि नातेवाइकांना सांगायचं. टळलेल्या चुका न घाबरता कळवण्याची अशी नोंदव्यवस्था अमेरिकेत वैमानिकांसाठी १९७६पासून आहे. ती नासा चालवते, शिक्षेचे अधिकार असलेलं खातं नाही. तुमच्याकडेही पेटीतले कागद वाचणारा आणि स्टाफच्या कामाचा गोपनीय अहवाल लिहिणारा एकच माणूस नसावा.

नोंदी वाढल्या म्हणजे चुका वाढल्या असं नाही. शून्य नोंदींच्या रुग्णालयाची आम्हाला जास्त काळजी वाटते. जिल्ह्याच्या बैठकीत नोंदींच्या आकड्याशेजारी केलेल्या बदलांचा आकडाही ठेवा.

प्रश्न : सर्पदंशाच्या पेशंटचं रक्त २० मिनिटांत गोठलं नाही. डॉक्टरांनी दुसऱ्या नळीत परत करायला लावलं, तर गोठलं. याची नोंद करायची का?
– प्रयोगशाळा तंत्रज्ञ, जि. गडचिरोली

उत्तर : नक्की करा. साबणानं धुतलेल्या किंवा प्लॅस्टिकच्या नळीत चांगलं रक्तही गोठत नाही. रक्त गोठलं नाही म्हणजे विष भिनलं, असं धरून त्या रिपोर्टवर विषरोधक लसीच्या ८-१० व्हायल विनाकारण गेल्या असत्या, वर रिॲक्शनचा धोका. पहिली नळी धुतलेली असेल, तर तसं स्पष्ट लिहा. या तपासणीसाठी नव्या, कोरड्या काचेच्या नळ्या वेगळ्या डब्यात कॅज्युअल्टीतच ठेवायला सांगा. शिरेतलं ताजं २ मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं नळी हलवायची नाही, मग एकदाच तिरपी करून पाहायची. पावसाळ्याआधी डब्यातल्या नळ्या मोजून घ्या. संपल्या की माणूस धुतलेल्याच वापरतो.