रोममध्ये एकच सकाळ हाती असेल तर सेंट पीटर्स बॅसिलिका आणि तिच्यासमोरचा चौक कसा पाहावा?

एका सकाळीत चौक, घुमट आणि बॅसिलिकेचा, म्हणजे व्हॅटिकनमधील या भव्य चर्चचा, अंतर्भाग यांपैकी कशाला किती वेळ द्यावा, असे आपण विचारले आहे. माझ्या मते पहिला तास चौकाला द्यावा. बहुतेक प्रवासी सुरक्षा तपासणीच्या रांगेत पुढे सरकता सरकता तो ओलांडतात आणि आतल्या वैभवाने दिपून परततात. पण बॅसिलिकेची दर्शनी बाजू, तिच्यामागे दडलेला घुमट आणि समोरची मोकळी जागा यांचा परस्परसंबंध ध्यानात आल्याशिवाय ही वास्तू पाहिली असे मला म्हणवत नाही.

हा संबंध एका अडचणीतून जन्मला आहे. पोप ज्युलियस दुसरे यांनी 1506 मध्ये वास्तुकार ब्रामान्तेच्या आराखड्यानुसार बांधकाम सुरू केले आणि पुढे ते काम मायकेलअँजेलोकडे आले, तेव्हा क्रुसाच्या आकाराची, चारही भुजा सारख्या असलेली आणि मधोमध घुमट असलेली वास्तू त्याच्या मनात होती. घुमट त्याच्या मृत्यूनंतर जाकोमो देल्ला पोर्ता याने 1590 मध्ये पूर्ण केला. मात्र 1607 नंतर कार्लो मादेर्नोने पूर्वेकडची भुजा लांबवली. त्यामुळे उपासनेसाठी जागा वाढली, पण समोर उभे राहणाऱ्याला घुमट पूर्ण दिसेनासा झाला. दर्शनी भिंतही उंचीच्या मानाने फार रुंद झाली, कारण तिच्या दोन टोकांवर घंटाघरे उभी राहायची होती. त्यांपैकी एक शिल्पकार व वास्तुकार बर्निनीने उभारलेही, परंतु भिंतींना तडे गेल्याने ते 1646 मध्ये उतरवावे लागले. सुमारे 115 मीटर रुंदीची ती भिंत तशीच आडवी पसरलेली राहिली.

दहा वर्षांनी पोप अलेक्झांडर सातवे यांनी त्याच बर्निनीकडे चौकाचे काम सोपवले, आणि त्याने जे केले ते मला वास्तुकलेतील सर्वांत समंजस उत्तरांपैकी एक वाटते. बॅसिलिकेला लागून असलेल्या भागाच्या दोन्ही बाजू त्याने समांतर ठेवल्या नाहीत. भिंतीपासून दूर येताना त्या एकमेकींच्या जवळ येतात, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला दर्शनी भिंत आहे त्याहून अरुंद आणि म्हणून अधिक उंच भासते. त्यापुढे लंबवर्तुळाकार चौक आणि त्याला दोन्हीकडून वेढणाऱ्या स्तंभांच्या चौपदरी रांगा आहेत. एकूण 284 स्तंभ आणि वरच्या कठड्यावर 140 संतांचे पुतळे असूनही या रांगांची उंची जाणूनबुजून बेताची ठेवलेली आहे, जेणेकरून बॅसिलिका त्यांच्या वर उठून दिसावी. हे मातृचर्चचे बाहू आहेत आणि ते कॅथलिकांना तर कवेत घेतातच, पण पंथ सोडून गेलेल्यांना आणि अन्यधर्मीयांनाही घेतात, असा अर्थ स्वतः बर्निनीनेच सांगून ठेवला आहे. कॅथलिक नसलेल्या पाहुण्यालाही येथे परके का वाटत नाही, याचे हेच कारण असावे.

चौकाच्या मधला ओबेलिस्क, म्हणजे एकसंध दगडाचा उंच निमुळता स्तंभ, इजिप्तचा असून तो सम्राट कॅलिग्युलाने रोमला आणवला होता. आजच्या जागी तो दोमेनिको फोंतानाने 1586 मध्ये हलवला. त्याच्या आणि दोन्ही बाजूंच्या कारंज्यांच्या मध्ये फरसबंदीत एकेक गोल दगड बसवलेला आहे. त्यावर उभे राहून जवळच्या स्तंभरांगेकडे पाहिले की चारही रांगा एकीमागे एक लपतात आणि एकच रांग उभी आहे असे दिसते; एक पाऊल बाजूला सरकताच मागचे स्तंभ पुन्हा प्रकट होतात. हे अवश्य करून पाहावे. आणि प्रवेश समोरच्या व्हिया देल्ला कोन्चिलियाझिओने या रुंद रस्त्याने करू नये. त्या जागी दाट वस्ती होती आणि अरुंद गल्ल्यांतून येणाऱ्या यात्रेकरूसमोर चौक अकस्मात उघडत असे. ती वस्ती 1936 पासून पाडण्यात आली आणि तो अनुभव समोरून येणाऱ्याला आता मिळत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. मेट्रोच्या ए मार्गावरील ओत्ताव्हियानो स्थानकावर उतरून पोर्ता आंजेलिकाच्या बाजूने आलात, तर स्तंभांमधूनच आत पाऊल पडते आणि त्या जुन्या अनुभवाचा थोडा अंश तरी लाभतो.

त्यानंतर घुमट चढावा, कारण त्याची रांग लवकरच वाढते. एकूण 551 पायऱ्या आहेत. लिफ्ट घेतली तरी 320 उरतात, आणि घुमटाच्या दोन कवचांमधला शेवटचा जिना अरुंद व तिरका असल्याने गुडघेदुखी किंवा कोंडलेपणाचा त्रास असणाऱ्यांनी तो टाळावा. घुमटाच्या आतल्या सज्जातून खाली पाहिले की वेदीवरचे बर्निनीचे काशाचे छत्र, जे प्रत्यक्षात सुमारे 29 मीटर उंच आहे, लहानसे दिसते. आत उतरल्यावर नेमकी हीच दृष्टी उपयोगी पडते. या वास्तूत सर्वच गोष्टी एका प्रमाणात मोठ्या असल्याने आकार पटकन उमगत नाही. म्हणून पवित्र पाण्याच्या कुंडाला टेकलेल्या संगमरवरी बाळांजवळ एखादा माणूस उभा राहीपर्यंत थांबावे, म्हणजे ती बाळे प्रौढ माणसाएवढी आहेत हे लक्षात येते. मधल्या दालनाच्या जमिनीवर जगातील इतर मोठ्या चर्चच्या लांबीच्या खुणाही कोरलेल्या आहेत. उजवीकडच्या पहिल्या उपासनाकक्षात मायकेलअँजेलोची पिएता, म्हणजे मृत येशूला मांडीवर घेतलेल्या मरियेचे शिल्प, आहे; 1972 मध्ये एका माणसाने तिच्यावर हातोडा चालवल्यापासून ती काचेआड असते, तरी तेथे घाई करू नये.

आपण महाराष्ट्रातून किंवा गोव्यातून जात असाल तर आणखी एक गोष्ट मनात असू द्यावी. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेत ज्यांचे शव जतन केले आहे त्या फ्रान्सिस झेवियर यांना 1622 मध्ये, आणि 1597 मध्ये नागासाकी येथे क्रुसावर प्राण दिलेल्या वसईच्या गोन्सालो गार्सिया यांना 1862 मध्ये, याच सेंट पीटर्स बॅसिलिकेत संतपद जाहीर झाले.

बॅसिलिकेत प्रवेश विनामूल्य आहे, घुमटासाठी तिकीट लागते. खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर दारावरून परत पाठवतात. बुधवारी सकाळी पोपांची जाहीर भेट असते आणि त्या वेळी बॅसिलिका सहसा बंद ठेवतात, तेव्हा तो वार टाळावा; रविवारी दुपारी बारा वाजता पोप चौकाकडच्या खिडकीतून प्रार्थना सांगतात, म्हणून गर्दीची अडचण नसेल तर तो वार निवडण्यास हरकत नाही. सिस्टिन चॅपेल पाहण्याची इच्छा असेल तर ते व्हॅटिकन संग्रहालयात आहे, त्याचे दार वेगळे आणि तिकीटही वेगळे, आणि त्यासाठी दुसरा अर्धा दिवस राखून ठेवावा.