पुस्तक काढून घेऊ का?

प्रश्न : ताई, माझी लेक सहावीत आहे. तिच्या मामाने तिला हार्पर ली यांच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड'वरची चित्रकादंबरी दिली, फ्रेड फोर्डहॅम यांनी केलेली. टॉम या काळ्या माणसावरच्या बलात्काराच्या खटल्याच्या भागात पोचल्यावर तिने विचारलं, "आई, बलात्कार म्हणजे काय? आणि टॉमने काही केलेलं नाही हे दिसतंय की, मग तो दोषी कसा?" मी विषय बदलला. पुस्तक काढून घेऊ का?
– एक आई, सांगली

उत्तर : मुळीच नको. लपवलेलं पुस्तक मुलं हमखास शोधतात आणि मग चोरून, एकटीच वाचतात. पहिला प्रश्न तर गोष्ट सांगणाऱ्या छोट्या स्काउटलाही पडतो. घर सांभाळणारी कॅल्पर्निया तिला वडिलांकडे, म्हणजे टॉमचा वकील असलेल्या ॲटिकसकडे, पाठवते आणि तो आढेवेढे न घेता सांगून टाकतो, फक्त वकिली भाषेत. तुम्ही साध्या भाषेत सांगा.

दुसऱ्या प्रश्नासाठी तिच्यासोबत कोर्टाची पानं परत उघडा. आरोप करणाऱ्या गोऱ्या मेयेलाला मार बसलाय तो चेहऱ्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा. ॲटिकस तिच्या बापाला भर कोर्टात नाव लिहायला लावतो. तो डावखुरा निघतो. आणि टॉमचा डावा हात लहानपणीच कापसाच्या जिनिंग यंत्रात सापडून निकामी झालेला. इतका पुरावा डोळ्यांसमोर असताना तुमची लेक चिडली नसती तरच नवल. ज्युरीत सगळे गोरे पुरुष होते आणि काळ्या माणसाचा शब्द गोऱ्या बाईच्या शब्दावर चालू द्यायचा नाही हे खटल्याआधीच ठरलेलं होतं, असं तिला सरळ सांगा.

हे नुसतं गोष्टीतलं नाही, हेही सांगा. गोष्ट घडते त्याच अलाबामात, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यात, १९३१ साली मालगाडीतून जाणाऱ्या नऊ काळ्या मुलांवर असाच आरोप झाला. धाकटा जेमतेम बारा-तेरा वर्षांचा. आठ जणांना मृत्युदंड सुनावला गेला. १९३३ मध्ये आरोप करणाऱ्या दोघींपैकी एकीने कोर्टात सांगितलं की असं काही घडलंच नव्हतं, तरी ज्युरीने त्यातल्या एकाला पुन्हा दोषीच ठरवलं.

मला स्वतःला या खटल्यात सगळ्यात टोचतो तो स्काउटच्या मित्राचा, डिलचा प्रसंग. सरकारी वकील टॉमशी ज्या तुच्छतेने बोलतो ते ऐकून डिलला रडू आवरत नाही. स्काउट त्याला बाहेर नेते आणि समजूत कशी घालते? की शेवटी टॉम काळाच तर आहे! ॲटिकसची मुलगी हे म्हणते, तेही सहज. घरात कुणी शिकवलं नाही, गावाने शिकवलं. चित्रांच्या नादात हे निसटू शकतं, म्हणून घरी मूळ कादंबरी असेल तर तेवढा भाग तिला मोठ्याने वाचून दाखवा आणि विचारा, स्काउट असं का म्हणाली असेल?

आणि एक. अपील होण्याआधीच टॉम तुरुंगातून पळताना गोळ्यांनी मारला जातो. तिने अजून ते पान वाचलं नसेल, तर ती वाचेल तेव्हा तुम्ही घरात असा.