स्पॅनिशचा तास: शाळेतले शब्द, वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मुलगी सहावीत आहे, यंदा शाळेत स्पॅनिश सुरू झालं. वर्गातल्या वस्तूंची यादी ती घडाघडा म्हणते, पण चाचणीत ‘एल’ आणि ‘ला’ यांच्यात गुण जातात. काय करावं?
– एक पालक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर: स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी नामाआधी ‘एल’ आणि स्त्रीलिंगी नामाआधी ‘ला’ लागतं. मराठी मुलांना लिंग ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. अडचण अशी, की मूल नकळत मराठीचंच लिंग लावतं. वही ‘ती’, म्हणून उत्तरपत्रिकेत ‘ला क्वादेर्नो’ येतं. हवं असतं ‘एल क्वादेर्नो’. पेन्सिलही ‘ती’, पण तिकडे ‘एल लापिस’. उलट फळा आणि खडू हे ‘तो’, तर स्पॅनिशमध्ये ‘ला पिसार्रा’ आणि ‘ला तीसा’. खुर्ची (‘ला सिया’), पट्टी (‘ला रेग्ला’) आणि शाळा (‘ला एस्क्वेला’) जुळतात, त्यामुळे त्या सहसा चुकत नाहीत. नामांना नपुंसकलिंग तिथे नाहीच. म्हणून पुस्तक ‘एल लीब्रो’ होतं आणि दप्तर ‘ला मोचीला’.

तेव्हा तिच्या यादीचे आधी तीन भाग करा: मराठीशी जुळणारे, उलटे आणि मराठीत ‘ते’ असलेले. मेहनत शेवटच्या दोन भागांवर घ्या. शेवटी ‘ओ’ आला तर बहुधा ‘एल’, ‘आ’ आला तर बहुधा ‘ला’, हा ठोकताळा बराच चालतो. पण वर्गात रोज लागणारे अपवाद वेगळे पाठ हवेत: एल मापा (नकाशा), एल दीआ (दिवस), एल इद्योमा (भाषा), एल प्रोब्लेमा आणि ला मानो (हात). ‘एल आउला’ म्हणजे वर्गखोली, हा शब्द फसवा आहे. तो स्त्रीलिंगीच आहे; सुरुवातीच्या ‘आ’वर जोर असल्यामुळे एकवचनात ‘एल’ लागतं. अनेकवचनात लगेच ‘लास आउलास’ होतं.

नुसता शब्द लिहून पाठ करू नये. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचे कागद कापा. एका बाजूला वस्तूचं चित्र काढा. मराठी शब्द तिथे नको, कारण त्याच्याबरोबर मराठी लिंग परत येतं. मागे शब्द आणि रंग लिहा: ‘ला तीसा ब्लांका’ (पांढरा खडू), ‘एल क्वादेर्नो रोखो’ (लाल वही). रंग नामानंतर येतो आणि लिंगाप्रमाणे बदलतो, म्हणून लिंग दोनदा म्हटलं जातं. यासाठी ब्लांको (पांढरा), नेग्रो (काळा), रोखो (लाल) आणि आमारियो (पिवळा) घ्या. ‘बेर्दे’ (हिरवा) आणि ‘आसुल’ (निळा) लिंगाप्रमाणे बदलत नाहीत, तेव्हा ते इथे उपयोगाचे नाहीत. रोज आठच नवी कार्डं. जुनी दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा. नाम बरोबर पण ‘एल’-‘ला’ चुकलं तर ते कार्ड चुकलं असंच धरा. इथे सवलत दिली की सगळी मेहनत वाया जाते.

प्रश्न: मी नववीत आहे. शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहिते. बाई म्हणतात, ही सवय वाईट. खरंच का?
– एक विद्यार्थिनी, नेरूळ

उत्तर: बाईंची काळजी रास्त आहे, देवनागरी कुबडी होऊन बसते. पण सुरुवातीचा महिनाभर ती मदतही करते, नीट लिहिलीस तर. स्पॅनिशचे त आणि द आपल्यासारखे दंत्य आहेत. इंग्रजीच्या सवयीने ‘टीझा’ लिहू नकोस. ‘मोचीला’तला च चिंचेतला, चमच्यातला नव्हे. ‘एच’ अक्षर मुकं असतं: वेळापत्रक ‘ओरार्यो’. वहीचं पान म्हणजे ‘ओखा’, मात्र त्यातला ख घशात घासून काढायचा. ‘पिसार्रा’तल्या जोड ‘र’ला जिभेचं टोक थरथरलं पाहिजे, आणि ‘व्ही’ अक्षर ब म्हणूनच वाच.

देवनागरी कमी पडते ती आघाताच्या बाबतीत. नियम असा: शब्दाचं शेवटचं अक्षर स्वर, एन किंवा एस असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अवयवावर (अवयव म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा), एरवी अगदी शेवटच्या अवयवावर, जसं ‘प्रोफेसोर’मध्ये ‘सोर’वर. हा नियम मोडतो तिथेच तिरकी आघातखूण देतात. ‘एक्सामेन’वर (परीक्षा) खूण नाही, पण अनेकवचनातल्या ‘एक्सामेनेस’वर आहे: जोर ‘सा’वरच राहिला, शब्द मात्र लांबला. म्हणून देवनागरीत जोराच्या अक्षराखाली रेघ मार. खाली न बघता तीनदा बरोबर वाचता आलं की तो उच्चार खोडून टाक.

प्रश्न: पुस्तकात गृहपाठाला ‘देबेरेस’ आहे, मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये ‘तारेआ’. कोणता धरावा?
– खारघर

उत्तर: दोन्ही बरोबर. ‘लोस देबेरेस’ स्पेनमध्ये, ‘ला तारेआ’ लॅटिन अमेरिकेत. पेनचंही तसंच: स्पेनमध्ये ‘बोलीग्राफो’, मेक्सिकोत ‘प्लूमा’, अर्जेंटिनात ‘लापिसेरा’. नापास होणं स्पेनमध्ये ‘सुस्पेंदेर’, मेक्सिकोत ‘रेप्रोबार’. शाळेचं पुस्तक ज्या देशाचं, तेच शब्द लिहिण्या-बोलण्यात ठेवा. दुसरे ओळखता आले की पुरे.

प्रश्न: इंग्रजीसारख्या दिसणाऱ्या शब्दांवर भरवसा ठेवावा का?
– ठाणे (पूर्व)

उत्तर: शाळेच्या शब्दांत तरी जपून. ‘कार्पेता’ म्हणजे फाइल, ‘लिब्रेरीआ’ म्हणजे पुस्तकांचं दुकान (ग्रंथालय ‘बिब्लिओतेका’), ‘लेक्तूरा’ म्हणजे वाचन, ‘कोलेख्यो’ म्हणजे शाळा. ‘आसिस्तीर’ म्हणजे वर्गाला हजर राहणं.

प्रश्न: नोकरी सांभाळून वाशीला संध्याकाळच्या वर्गाला जातो. शब्द भरपूर येतात, पण वर्गात तोंड उघडत नाही.
– ऐरोली

उत्तर: तुमच्याकडे नामं आहेत, क्रियापदं नाहीत. पाच तयार वाक्यं घ्या आणि त्यांत नामं बदलत राहा. ‘मे प्रेस्तास उन लापिस?’ (पेन्सिल देतोस का जरा?) ‘नो तेंगो क्वादेर्नो’ (वही नाहीये माझ्याकडे, ‘नो तेंगो’नंतर इथे ‘एल’ लावत नाहीत). ‘नो एंत्येंदो’ (कळलं नाही). ‘कोमो से दीसे... एन एस्पान्योल?’ (स्पॅनिशमध्ये ...ला काय म्हणतात?) यातल्या रिकाम्या जागी बिनधास्त ‘खोडरबर’ म्हणा, वर्ग पुढे सरकतो. आणि ‘प्वेदे रेपेतीर, पोर फाबोर?’ (पुन्हा सांगाल का, प्लीज?) हे शिक्षकांना, शेजारच्याला ‘प्वेदेस’. आपल्याकडच्या तुम्ही-तूसारखाच हा फरक आहे, तो पहिल्या दिवसापासून पाळा.

ऐरोलीहून वाशीपर्यंतच्या लोकलमध्ये पुस्तक उघडायची गरज नाही. दप्तरातली एकेक वस्तू आठवून तिच्यावर ही वाक्यं मनात फिरवा. एक चूक मात्र आत्ताच टाळा: ‘आय’ म्हणजे ‘आहे’, पण त्याच्यापुढे ‘एल’ किंवा ‘ला’ कधीच येत नाही. ‘आय उना तीसा’ म्हणजे एक खडू आहे. तोच खडू शोधायचा असेल तर ‘दोंदे एस्ता ला तीसा?’ असं विचारा.